घडीचे लाकडी दार

दोन किंवा अधिक अरुंद झडपा उभ्या कडांनी बिजागऱ्यांच्या साहाय्याने एकमेकींस जोडून तयार केलेले व उघडताना बाजाच्या पेटीच्या भात्याप्रमाणे दुमडून एका बाजूस गोळा होणारे दार. नेहमीच्या दाराची झडप एका कडेभोवती अखंड फिरते आणि आपल्या पूर्ण रुंदीएवढी जागा खोलीत व्यापते. घडीच्या दाराची जोडी मध्यावर मोडत असल्याने तिला सु. निम्मीच जागा पुरते. त्यामुळे भिंतीतील कपाटे, कोठीची खोली, देवघर, दिवाणखाना व जेवणाची खोली यांमधील रुंद वाट, शाळेतील दोन वर्गांमधील विभाजन इ. ठिकाणी हे दार सोयीचे ठरते. त्यासाठी लागणारी हत्यारे सामान्य सुतारकामाचीच असल्याने ते घरच्या घरीही बनविता येते. मात्र मापातील लहानशी चूक किंवा लाकडाचे थोडेसे फुगणे या दारात अनेक पटींनी वाढून दिसते. म्हणून दार बनविण्याइतकेच ते पुढे जुळवून घेण्याची सोय त्यात ठेवणे महत्त्वाचे असते.

या नोंदीत चौकटीच्या उभ्या लाकडास बाही, वरच्या आडव्या लाकडास गणेशपट्टी, बाहीलगतच्या झडपेस बाहीची झडप, तिला जोडलेल्या झडपेस पुढची झडप, या दोहोंमधील सांध्यास घडीचा सांधा आणि दोन बाजूंच्या जोड्या मिटल्यावर मध्यभागी राहणाऱ्या फटीस मध्यफट असे म्हटले आहे.

पूर्वपीठिका : रुंद वाट हवी तेव्हा पूर्ण मोकळी करता यावी व एरवी बंद ठेवता यावी, ही गरज जुनी आहे. इटलीतील हर्क्युलेनियम हे नगर इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हियसच्या उद्रेकात गाडले गेले. तेथील एका घरात मुख्य चौक व त्यामागील दालन यांमध्ये असलेले झडपांचे लाकडी विभाजक कोळसा झालेल्या स्थितीत टिकून राहिले असून त्यावरूनच त्या घराला ‘लाकडी विभाजकाचे घर’ हे नाव मिळाले आहे. जवळच्या पाँपेई नगरातील दुकानांच्या दगडी उंबरठ्यांत लांब खोबणी आढळतात. त्यांत उभ्या फळ्या एकापुढे एक सरकवून दुकान बंद करीत. महाराष्ट्रातील जुन्या बाजारपेठांतही क्रमांक घातलेल्या सुट्या फळ्या खोबणीत बसवून दुकान बंद करण्याची पद्धत होती. फळ्या रोज काढून ठेवण्याचा खटाटोप वाचविण्यासाठी त्या बिजागऱ्यांनी जोडणे, ही पुढची स्वाभाविक पायरी होय. जपानमधील ब्योबू या उभ्या पडद्यांत चौकटी कागदी बिजागऱ्यांनी जोडतात. त्यामुळे त्या दोन्ही दिशांना दुमडता येतात. जुन्या वाड्यांच्या जड दरवाजांना बिजागऱ्या नसतात. झडपेच्या वरच्या व खालच्या टोकांस ठेवलेल्या गोल खुंट्या उखळीसारख्या खळग्यांत फिरतात. घडीच्या आधुनिक दारात बाहीची झडप अशाच वरच्या व खालच्या खुंटीवर फिरते.

प्रकार : दोन झडपांची जोडी हा सर्वांत साधा प्रकार होय. वाट रुंद असल्यास दोन्ही बाहींना एकेक जोडी लावतात. त्याहून रुंद वाटेसाठी चार, सहा किंवा अधिक झडपांची साखळी एकाच बाजूस गोळा करतात. वजन पेलण्याच्या पद्धतीनुसार दारांचे दोन वर्ग पडतात. पहिल्यात बाहीच्या झडपेचा भार खालच्या खुंटीवर पडतो व पुढच्या झडपेच्या वरच्या टोकास असलेली खिळी पन्हळीतून फिरत केवळ दिशा देते. दुसऱ्यात झडपा वरच्या पन्हळीतील चाकींना टांगलेल्या असतात आणि खाली फक्त डुलू न देणारी मार्गदर्शक खिळी असते. घरगुती दोन झडपांच्या जोडीसाठी पहिली पद्धत पुरेशी असते. वर्गांमधील विभाजनासारख्या लांब साखळीसाठी टांगणीची पद्धत आवश्यक ठरते. अशा ठिकाणी जमिनीतील खोबणीवर भार ठेवल्यास तीत धूळ व खडे साचून चाके अडतात.

घडीची भूमिती : दार मिटलेले असताना दोन्ही झडपा एका रेषेत येतात. या स्थितीत पुढची झडप पन्हळीच्या दिशेने कितीही ढकलली तरी घडी पडत नाही. सांधा थोडा बाहेर ओढला की मग ती सहज दुमडते. यास्तव मूठ पुढच्या कडेस न बसविता पुढच्या झडपेवर, घडीच्या सांध्यापासून थोडे अंतर सोडून बसवितात.

याच भूमितीचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. दार पूर्ण मिटण्यासाठी जेवढी लांबी हवी तीपेक्षा वाट किंचित कमी पडली, तर झडपा सरळ रेषेत येऊ शकत नाहीत आणि घडीचा सांधा खोलीत पुढे आलेला राहतो. तो किती पुढे राहील, हे झडपेची परिणामी रुंदी (खुंटी वा मार्गदर्शक खिळी व घडीचा सांधा यांमधील अंतर) आणि कमी पडलेली लांबी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावरून काढता येते. उदा., परिणामी रुंदी ४२५ मिमी. असून केवळ १ मिमी. लांबी कमी पडल्यास सांधा सु. २१ मिमी. पुढे राहतो. पाव मिमी. कमी पडल्यासही तो सु. १० मिमी. पुढे दिसतो. एका झडपेच्या साध्या दारात १ मिमी.ची वाढ म्हणजे चौकटीस थोडे घासणे एवढेच असते. घडीच्या दारात मात्र तीच वाढ डोळ्यास सहज जाणवते व कडी लागत नाही. घडीचे दार ‘बिघडले’ अशी तक्रार बहुधा यामुळेच उद्‌भवते. दार वस्तुतः मोडलेले नसते, त्याला काही मिमी. जागा कमी पडलेली असते.

लाकडाची हालचाल : लाकूड हवेतील बाष्प शोषून फुगते व कोरड्या हवेत आकसते. ही हालचाल तंतूंच्या दिशेत नगण्य असते, खोडाच्या त्रिज्येच्या दिशेत (अरीय) मध्यम आणि वार्षिक वलयांना स्पर्श करणाऱ्या दिशेत (स्पर्शीय) सर्वाधिक असते. सागवान हे या बाबतीत उत्तम लाकडांपैकी एक आहे. तरीही ओल्या अवस्थेपासून पूर्ण शुष्क होईपर्यंत ते अरीय दिशेत सु. २.५ टक्के व स्पर्शीय दिशेत सु. ६ टक्के आकसते. याचा अर्थ, लाकडातील ओलाव्याचे प्रमाण १ टक्क्याने बदलले की स्पर्शीय दिशेत त्याची रुंदी सु. ०.२ टक्क्याने बदलते [⟶ लाकूड].

दख्खनच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा अतिशय कोरडी असते, तर जुलै-ऑगस्टमध्ये ती बाष्पाने भरलेली असते. घरातील लाकडाचा ओलावा या काळात ९ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेला असे मानल्यास, अखंड फळ्यांच्या ४४४ मिमी. रुंद झडपेची रुंदी सु. ४.४ मिमी.ने वाढते. चार झडपांच्या दारात ही वाढ सु. १८ मिमी. होते. हीच झडप उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट करून तीत पॅनेल सुटे बसवून केल्यास रुंदीच्या दिशेने फुगणारे लाकूड म्हणजे ९० मिमी. रुंदीच्या दोन उभ्या पट्ट्या एवढेच उरते. मधल्या आडव्या पट्ट्यांचे तंतू रुंदीच्या दिशेत असल्याने त्यांची लांबी बदलत नाही. तेव्हा प्रत्येक झडप १.८ मिमी. व चारही झडपा मिळून सु. ७ मिमी. फुगतात. उभ्या पट्ट्या अरीय कापाच्या असल्यास ही वाढ आणखी निम्म्याने घटते. घडीच्या दाराच्या झडपा अखंड फळ्यांच्या न करता चौकट व पॅनेल या पद्धतीने करण्याचे प्रमुख कारण हेच होय. कोकणात हवा वर्षभर दमट असल्याने ऋतूंमधील फरक तुलनेने कमी असतो. मात्र कोकणात मुरलेल्या लाकडाचे दार पठारावर नेल्यास ते पहिल्याच उन्हाळ्यात आकसून सांध्यांत फटी पडतात. म्हणून लाकूड ज्या घरात वापरावयाचे त्याच घरात, थरांमध्ये आडव्या काठ्या घालून, सावलीत काही आठवडे रचून ठेवणे इष्ट असते.

मापे ठरविणे : वाटेची रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान माप घेतात. दोन्ही कर्ण मोजून चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहतात. बाही ओळंब्याने व गणेशपट्टी पाणसळीने तपासतात. चौकट वाकडी असेल तर ती आधी दुरुस्त करणे भाग असते. झडपा तिरक्या कापून वाकडेपणा झाकण्याचा प्रयत्न घडीच्या दारात यशस्वी होत नाही.

उदाहरणार्थ, १,८०० मिमी. रुंद व २,१०० मिमी. उंच वाटेस दोन्ही बाजूंना एकेक जोडी, म्हणजे एकूण चार झडपा लावावयाच्या आहेत. प्रत्येक बाहीलगत ५ मिमी., प्रत्येक घडीच्या सांध्यात ३ मिमी. आणि मध्यफट ८ मिमी. धरल्यास एकूण मोकळी जागा २४ मिमी. होते व प्रत्येक झडपेची रुंदी ४४४ मिमी. येते. वरची पन्हळ व खिळी यांसाठी ४० मिमी. आणि खाली १५ मिमी. सोडल्यास उंची २,०४५ मिमी. राहते. जाडी ३५ मिमी. ठेवतात.

मध्यफट एवढी मोठी ठेवण्याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. बिजागऱ्या झडपांच्या कडांवर पक्क्या बसविलेल्या असल्याने झडपा फुगल्या तरी घडीच्या सांध्यातील फट बदलत नाही. बाहीची झडप बाहीजवळच्या खुंटीत अडकलेली असल्याने तीही त्या बाजूस विशेष सरकत नाही. त्यामुळे जवळजवळ सर्व वाढ मध्यफटीतच जमा होते. वरील ७ मिमी. वाढ ८ मिमी.च्या मध्यफटीत मावते. अखंड फळ्यांची १८ मिमी. वाढ मात्र मावत नाही. प्रत्येक जोडीस सु. ५ मिमी. जागा कमी पडते आणि घडीचे सांधे सु. ४६ मिमी. पुढे राहतात. हे हिशेब दार कोरड्या दिवसांत बसविले जात आहे असे धरून केलेले आहेत. भर पावसाळ्यात बसविल्यास लाकूड आधीच फुगलेले असते, तेव्हा २-३ मिमी. मध्यफट पुरते. उन्हाळ्यात रुंदावणारी मध्यफट दिसू नये म्हणून एका झडपेच्या पुढच्या कडेवर झाकपट्टी मारतात.

झडपांची बांधणी : उभ्या पट्ट्यांसाठी सरळ तंतूंचे, गाठी नसलेले व गाभ्याचे लाकूड निवडतात. सागवानातील तेलामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही. मात्र त्यातील सिलिकेमुळे हत्यारांची धार लवकर जाते. शिवण हे हलके व कमी हालणारे लाकूड असल्याने तेही चालते. आंब्याच्या लाकडास कीड लागते व ते पिळण्याची शक्यता असते, म्हणून ते टाळतात. पट्ट्या अंतिम मापापेक्षा थोड्या जाड कापून काही दिवस तशाच ठेवतात. कापल्यामुळे आतील ताण मोकळे होऊन पट्टी वाकावयाची असेल ती या काळात वाकते. त्यानंतर रंधा मारून त्या अंतिम मापास आणतात.

आडव्या पट्टीच्या टोकास काढलेली जीभ (कूस) उभ्या पट्टीत पाडलेल्या चौकोनी भोकात बसवून जोड करतात. कुशीची जाडी पट्टीच्या जाडीच्या एकतृतीयांश, म्हणजे ३५ मिमी. जाडीस सु. १२ मिमी. ठेवतात. वरची व मधली आडवी पट्टी ९० मिमी. आणि खालची १५० मिमी. रुंद घेतात. पट्ट्यांच्या आतील कडांना १० मिमी. खोल खोबण पाडून तीत पॅनेल बसवितात. पॅनेल अखंड लाकडाचे असल्यास त्यास सरस लावत नाहीत व दोन्ही बाजूंना २-३ मिमी. मोकळीक ठेवतात. प्लायवुडमध्ये थरांचे तंतू आलटून पालटून काटकोनात असल्याने त्याची हालचाल अत्यल्प असते, म्हणून ते नेटके बसविता येते. अशा सागवानी चौकटीत ९ मिमी. प्लायवुड बसविलेल्या झडपेचे वजन सु. १३ किग्रॅ. भरते. अखंड सागवानाची तेवढीच झडप सु. २० किग्रॅ. होते.

सांधे सरस लावून आवळताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, दोन्ही कर्ण सारखे असणे. दुसरी, झडपेत पीळ नसणे. पीळ तपासण्यासाठी झडपेच्या वरच्या व खालच्या टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एकीच्या कडेवरून दुसरीकडे पाहतात. कडा समांतर दिसल्या नाहीत तर झडप पिळलेली असते. कर्णांतील फरक सरस ओला असताना दाबून काढता येतो. पीळ मात्र सरस वाळल्यावर निघत नाही आणि घडीच्या दारात तो कोणत्याही जुळवणीने पूर्ण झाकला जात नाही.

रंग वा पॉलिश झडपेच्या दोन्ही तोंडांना व चारही कडांना सारखेच लावतात. वरची व खालची कड दिसत नाही म्हणून ती कोरी सोडण्याची चूक सर्रास घडते. परंतु तेथेच उभ्या पट्ट्यांचे तंतू उघडे असतात आणि बाष्प सर्वाधिक वेगाने शिरते. एकाच तोंडास रंग लावल्यास दुसरे तोंड अधिक फुगून झडप वाकते.

बिजागऱ्या व खुंट्या : घडीत झडपांची जी तोंडे एकमेकांवर येतात त्या बाजूस बिजागरीची नळी असावी लागते. कपाटाच्या दाराचा सांधा खोलीकडे बाहेर येतो व झडपांची आतली तोंडे एकमेकांवर मिटतात, म्हणून बिजागऱ्या आतल्या बाजूस येतात व बाहेरून दिसत नाहीत. लांब साखळीत त्या एका सांध्यास आत, तर पुढच्या सांध्यास बाहेर अशा आलटून पालटून लावतात. सु. २ मी. उंचीच्या झडपेस ७५ मिमी. मापाच्या तीन बिजागऱ्या लागतात. दोन्ही झडपा घडीच्या स्थितीत एकमेकींवर ठेवून, कडा जुळवून व शिकंज्यांत आवळून बिजागऱ्यांच्या जागा एकाच वेळी आखतात. तीनही नळ्यांचे अक्ष एका सरळ रेषेत आले नाहीत तर दार फिरविताना स्क्रू हळूहळू उपटले जातात. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडून स्क्रूला मेण लावतात. समुद्रकिनाऱ्याच्या खाऱ्या हवेत लोखंडी बिजागऱ्या गंजत असल्याने पितळी किंवा अगंज पोलादाच्या बिजागऱ्या वापरतात.

बाहीच्या झडपेच्या खुंट्या बाहीकडील कडेपासून सु. २० मिमी. आत, जाडीच्या मध्यावर बसवितात. पुढच्या झडपेची मार्गदर्शक खिळीही तिच्या पुढच्या कडेपासून तेवढ्याच अंतरावर ठेवतात. झडप खुंटीभोवती फिरताना बाहीकडील कडेचा खोलीकडचा कोपरा बाहीच्या दिशेने पुढे सरकतो. वरील मापांत तो खुंटीपासून सु. २६.६ मिमी. अंतरापर्यंत पोहोचतो, तर बाही खुंटीपासून २५ मिमी. वरच असते. म्हणून तो कोपरा आधीच गोलवून घ्यावा लागतो. हे न केल्यास दार अर्धे उघडताच बाहीस घासते आणि कारण लवकर उमगत नाही.

तयार सामान मिळत नसल्यास सु. १० मिमी. व्यासाच्या लोखंडी सळईची खुंटी व पितळी नळीची खोबण करून काम भागते. पन्हळ कठीण लाकडात कोरता येते. मात्र खालच्या खुंटीखाली आट्यांचा बोल्ट व वरच्या खुंटीच्या पट्टीस लांबट भोके ठेवणे आवश्यक असते. पहिल्यामुळे दार वर-खाली आणि दुसऱ्यामुळे ते बाजूस सरकविता येते. खालच्या खुंटीची बैठकही अशाच लांबट भोकांची ठेवतात.

बसवणी : प्रथम पन्हळ सरळ व पाणसळीत बसवितात. वरच्या खुंटीच्या मध्यावरून ओळंबा सोडून खालच्या खुंटीची जागा निश्चित करतात. दोन्ही खुंट्या एकाच ओळंब्यात नसतील तर दार आपोआप उघडते किंवा मिटते. वरच्या खुंटीची पट्टी पक्क्या लाकडात बसणे अत्यावश्यक असते. वरील उदाहरणातील जोडीचे वजन सु. २६ किग्रॅ. असून दार मिटलेले असताना ते खुंटीपासून सु. ४२५ मिमी. अंतरावर केंद्रित होते. खुंट्यांमधील उभे अंतर सु. २,००० मिमी. असल्याने वरची खुंटी बाहीपासून दूर सु. ५.५ किग्रॅ. भाराने सतत ओढली जाते. भार फार नसला तरी तो रात्रंदिवस असतो. प्लॅस्टरमध्ये वा मऊ लाकडात बसविलेले स्क्रू त्यामुळे सैल होतात आणि दार झुकते. उघड्या स्थितीत वरील दाराची प्रत्येक जोडी बाहीलगत सु. ८० मिमी. जागा व्यापते व सु. १,६४० मिमी. रुंदीची वाट मोकळी होते.

जुळवणी : घडीचे दार नीट चालेनासे झाल्यास त्याच्या फटींचे निरीक्षण केल्यावर कारण बहुधा स्पष्ट होते. नेहमी आढळणारी लक्षणे व त्यांवरील उपाय पुढीलप्रमाणे आहेत.

(१) मध्यफट वर अरुंद व खाली रुंद दिसणे : जोडी झुकलेली असते. वरच्या खुंटीचे स्क्रू आवळून खुंटी बाहीकडे सरकवितात. वरची खुंटी १ मिमी. सरकविल्यास पुढची कड सु. ०.४ मिमी. उचलली जाते. (२) झडप वर किंवा खाली सर्वत्र घासणे : खालच्या खुंटीखालील बोल्ट फिरवून उंची बदलतात. १० मिमी. व्यासाच्या नेहमीच्या मेट्रिक आट्यांच्या बोल्टचा एक फेरा म्हणजे १.५ मिमी. होय. (३) मध्यफट सर्वत्र सारखी पण अपुरी असणे : लाकूड फुगलेले असते. वरची व खालची अशा दोन्ही खुंट्या सारख्याच अंतराने बाहीकडे सरकवितात. (४) मध्यफट पुरेशी असूनही घडीचा सांधा पुढे राहणे : बिजागरीची खाच गरजेपेक्षा खोल झालेली असते व कडा एकमेकींवर आधीच दाबल्या जातात. बिजागरीखाली पुठ्ठ्याची पातळ पट्टी घातल्यास दोष जातो. कडांवर साचलेले रंगाचे जाड थरही हाच दोष निर्माण करतात. (५) सांधा वरच्या टोकास जुळणे पण खाली न जुळणे : झडपेत पीळ असतो. तो ३-४ मिमी. असल्यास खालची खुंटी खोलीच्या दिशेने वा उलट थोडी सरकवून फरक दोन्ही टोकांत वाटून देतात. त्याहून अधिक पीळ असल्यास झडप नवी करणेच श्रेयस्कर असते. (६) दार अडखळत चालणे : पन्हळीत धूळ साचलेली असते किंवा ती वाकलेली असते. लाकडी पन्हळ स्वच्छ करून तीत मेण घासतात. तेल घातल्यास धूळ अधिक चिकटते.

जुळवणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम चौकट व खुंट्यांचा ओळंबा, नंतर उंची, त्यानंतर बाजूची सरकवण आणि शेवटी बिजागऱ्या असा तो असतो. एका वेळी एकच बदल करून दार पूर्ण उघडून मिटून पाहतात. रंध्याचा उपयोग अगदी अखेरीस करावयाचा असतो. पावसाळ्यात दार अडले की लगेच रंधा मारण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. परंतु जुलैमध्ये काढलेले लाकूड जानेवारीत परत येत नाही. दार आकसून फट कायमची रुंद होते, कडी सुटते आणि पुढे तीत पट्ट्या ठोकण्याची वेळ येते. बसविल्यानंतर पहिल्या वर्षी मे व ऑगस्ट महिन्यांत मध्यफट मोजून बाहीवर पेन्सिलीने नोंदवून ठेवल्यास त्या दाराची खरी हालचाल कळते. या नोंदींनंतरही लाकूड काढणे अटळ वाटल्यास ते किती काढावे हे त्यांवरून ठरविता येते व उघड्या झालेल्या कडेस लगेच रंग लावतात.

सुरक्षितता व मर्यादा : घडी मिटताना सांध्यात बोटे सापडण्याचा धोका असतो. झडपा सरळ रेषेच्या जवळ येतात तेव्हा मुठीवर लावलेला थोडासा जोरही सांध्यात मोठा दाब निर्माण करतो. लहान मुलांचा वावर असलेल्या घरात व शाळेत सांध्याच्या उघडणाऱ्या बाजूवर कॅनव्हासची किंवा रबराची पट्टी लावतात. लांब विभाजनात एकाआड एक झडपेस जमिनीत शिरणारे उभे बोल्ट लावून ते डुलणार नाही अशी व्यवस्था करतात. फटींमधून आवाज जात असल्याने वर्गांमधील विभाजन भिंतीइतके आवाज अडवू शकत नाही. घडीचे दार उघडण्यासाठी सांधा आपल्याकडे ओढावा लागतो. मागून गर्दीचा रेटा आल्यास हे शक्य होत नाही, म्हणून आणीबाणीच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटेवर ते बसवीत नाहीत. तेथे बाहेरच्या दिशेने उघडणारे साधे दारच योग्य असते.